सपाट रस्त्याच्या शोधात

पुण्याच्या टेकड्यांविषयी आजवर जे लिहिले-बोलले गेले, ते बहुतेक सारे पायी चालणाऱ्यांनी. पहाटे उठून हनुमान टेकडी गाठणारे, वेताळ टेकडीच्या माथ्यावरून मावळतीचे रंग पाहणारे, पर्वतीच्या पायऱ्या नेमाने चढणारे, अशी ही मंडळी टेकड्यांचे गुणगान करतात आणि ते योग्यच आहे. सायकलवाल्याची साक्ष मात्र या प्रकरणात कोणी काढलेली नाही. काढली असती तर निकाल कदाचित वेगळा लागला असता.

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून गाजले, हे खरे. पण ते पुणे कुठले? मुठेच्या काठचे, पेठांचे, डेक्कन जिमखान्याचे. म्हणजे परातीचा तळ. त्या तळात सायकल मारायला कष्ट ते कसले? पुढे शहर वाढले ते परातीच्या काठाकडे. कोथरूड, बावधन, पाषाण, बाणेर, धनकवडी, कोंढवा ही नावे पत्त्यांत येऊ लागली, माणसे काठावर चढून राहू लागली आणि सायकल बिचारी तळातच राहिली. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर आणि वेताळ टेकडीच्या माथ्याची ८०० मीटरांच्या आसपास. या दोन आकड्यांच्या मध्ये कुठे तरी आज निम्म्या पुण्याची बिऱ्हाडे आहेत.

आमचे त्यांतलेच एक. २०२२ च्या जूनमध्ये मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात रुजू झालो आणि सुतारवाडीला घर घेतले. पाषाणहून सूसकडे निघाले की उजव्या हाताला बाणेर-पाषाणची टेकडी लागते आणि डाव्या हाताला, बरेच खाली, पाषाणचे तळे. आमची इमारत उजव्या हाताच्या उतारावर. गच्चीतून तळ्याचा एक तुकडा दिसतो, वारा भरपूर येतो आणि मुख्य रस्त्यावरून घराकडे येणारी तीनशे पावलांची चढण चढताना सुसंस्कृत माणसाच्या तोंडूनही काही शब्द निघतात.

येथे आम्ही आलो ते सांगलीहून. ज्यांनी सांगली पाहिली नाही त्यांना सांगतो, की तिच्याइतके सपाट गाव शोधून सापडायचे नाही. गावात चढ म्हणावा असा एकच, तो म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला लागतानाचा, आणि त्यालाही आम्ही लहानपणी 'घाट' म्हणत असू! अशा गावात आमच्या सौ.ने वीस वर्षे एका शाळेत गणित शिकवले आणि वीसही वर्षे ती शाळेत सायकलने गेली. रविवारी सकाळी ती एकटीच हरिपूरला जाऊन येई. सांगलीहून हरिपूर सव्वा-दीड कोस. चिंचांच्या सावलीतला रस्ता, रस्त्याच्या शेवटी कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमावर संगमेश्वराचे देऊळ. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे हे जन्मगाव, म्हणून मीही अधूनमधून विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जात असे. पण माझे जाणे वाङ्मयीन. तिचे जाणे तिचे स्वतःचे होते. तिथे ती काय करी, असे मी एकदा विचारले, तेव्हा "काही नाही" असे उत्तर मिळाले होते. संसारातल्या माणसाला काहीही न करण्याची जागा किती मोलाची असते, हे कळायला मला पुण्याला यावे लागले.

पुण्यात आल्यावर तिची सायकल इमारतीच्या तळमजल्यावर खांबाला टेकून उभी राहिली. आधी तिच्यावर धूळ बसली, मग कुणी तरी जुनी ताडपत्री टाकली. सौ.ची नोकरी स्वेच्छानिवृत्तीने संपली होती. बाजार घरपोच येत होता. कुठे जायचे तर मी मोटारीतून सोडायचे, नाही तर रिक्षा बोलवायची. एक दिवस ती सहज म्हणाली, "सांगलीत मी जायची. इथे मला पोचवतात. माझे अगदी पार्सल झाले आहे." स्वर तक्रारीचा नव्हता, गणिताचे उत्तर सांगावे तसा होता. म्हणूनच तो माझ्या मनातून जाईना.

त्यातच २०२३ च्या उन्हाळ्यात तिचा गुडघा दुखू लागला. डॉक्टर म्हणाले, जिने कमी करा, चढण टाळा. सायकल मात्र चालेल, उलट चांगलीच. सायकलवर अंगाचा भार बैठकीवर जातो आणि गुडघ्याला हिसका न बसता हालचाल मिळते. तेवढी बैठक नीट उंच ठेवा, पायडल अगदी खाली असताना गुडघ्यात किंचितच बाक राहिला पाहिजे. "आणि सपाट रस्त्यावर हं!" हे त्यांनी आम्ही दारातून बाहेर पडत असताना सांगितले. सुतारवाडीच्या माणसाला सपाट रस्ता सांगायचा म्हणजे कोकणातल्या माणसाला जोंधळ्याची भाकरी पथ्यावर सांगण्यापैकीच!

आपल्या भाषेची एक गंमत पाहा. चाळिशीनंतरच्या वयाला आपण 'उतारवय' म्हणतो. प्रत्यक्षात चढ म्हणून काही असतो हे माणसाला त्याच वयात समजते. त्याआधी सगळे रस्ते सारखेच.

मी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी सुरू केली. आमच्या वरच्या मजल्यावर एक तरुण राहतो. त्याच्याकडे दोन मोटारसायकलींच्या किमतीची सायकल आहे आणि ती इतकी हलकी आहे, की तो ती छत्रीसारखी उचलून जिन्याने वर नेतो. तो उत्साहाने म्हणाला, "काका, सोपा रूट सांगतो. मुळशीला जाऊन यायचे. सगळे मिळून फक्त ऐंशी." किलोमीटर, हे मला अंमळ उशिराने उमगले. दुसऱ्या एका गृहस्थांनी गिअरची सायकल घेण्याचा सल्ला दिला. सल्ला खोटा नव्हता. गिअर चढाचे कष्ट पातळ करून देतो, हे खरे. पण एकूण कष्ट तेवढेच राहतात, फक्त ते जास्त वेळ पुरतात. शिवाय सौ.ला दुसरी सायकल नको होती. खरे सांगायचे तर तिला कुठलीच नको होती. "आता राहू द्या हो," एवढेच ती म्हणे.

भ्रमणध्वनीतल्या नकाशाने तर माझी निराशाच केली. कुठून कुठे किती वेळात पोचाल, हे तो मिनिटांत सांगतो. पण त्याच्या दृष्टीने माणूस म्हणजे मोटार. पन्नास फूट खोल उतरून साठ फूट वर चढणारा रस्ता त्याच्या पडद्यावर सरळ निळी रेघ होऊन येतो. अशा रेघेवर विश्वास ठेवून गुडघा गहाण टाकण्याची माझी तयारी नव्हती. तेव्हा ठरवले, की आधी पायी फिरायचे, रस्ते जोखायचे आणि मगच सायकलीची ताडपत्री काढायची.

जोखायला साधन हवे. आमची कन्या आठवीत होती. तिच्या कंपासपेटीतला कोनमापक मी मागून घेतला, त्याच्या मध्यावर दोरा बांधला, दोऱ्याच्या टोकाला एक नट अडकवला आणि कोनमापकाची सरळ कड एका लांब फळीच्या कडेला चिकटवली. फळी रस्त्यावर ठेवायची, दोरा नव्वदापासून किती सरकला ते पाहायचे. तितके अंश चढ. सकाळी साडेसहाला भर रस्त्यात फळी ठेवून वाकलेल्या प्राध्यापकाकडे लोक ज्या नजरेने पाहतात ती आता माझ्या परिचयाची झाली आहे. एका बाईंनी तर "काही हरवलंय का?" म्हणून माझ्याबरोबर थोडा वेळ शोधलेसुद्धा.

अंश वहीत मांडले जाऊ लागले आणि इथे एक अनपेक्षित गोष्ट घडली. वही जेवणाच्या टेबलावर पडलेली असे. एके दिवशी पाहतो तो माझ्या आकड्यांशेजारी पेन्सिलीने आणखी एक रकाना आखलेला. अक्षर ओळखीचे. एक अंशाला सत्तावन्नास एक, दोन अंशांना एकोणतीसास एक, तीन अंशांना एकोणीसास एक, पाच अंशांना अकरा-साडेअकरास एक. म्हणजे एकोणीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर जाणे होते, तो चढ तीन अंशांचा. खाली लिहिले होते : 'अंश सांगू नका. अंश ऐकायला लहान वाटतात.'

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्याला विचारले. त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात हिशेब मांडला. माणूस आणि सायकल मिळून सत्याहत्तर किलो धरा. सपाट चांगल्या रस्त्यावर, बेताच्या वेगात, हवा आणि टायर मिळून जो अडथळा करतात तो जेमतेम एक किलो वजन ओढण्याइतका. पण वीसास एक असा चढ आला, की सत्याहत्तरांचा विसावा हिस्सा, म्हणजे जवळजवळ चार किलो, त्यात मिळतात. एकाचे पाच झाले! डोळ्यांना तो रस्ता सपाटच दिसतो; ही चढाची खरी लबाडी. वहीत मी हे टिपून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी खाली पेन्सिलीने प्रश्न आला : 'मग आगगाडी कशी चढते?'

याचे उत्तर मला ठाऊक होते. बोरघाटात १८६३ साली रेल्वे सुरू झाली तेव्हा तिथल्या इंजिनियरांपुढेही हाच प्रश्न होता. खंडाळ्याच्या कड्याला सरळ भिडणे शक्य नव्हते. त्यांनी डोंगराच्या कडेकडेने, बोगद्यांतून, पुलांवरून वाट नेली आणि चढ सदतीसास एकाच्या आत बसवला. एके ठिकाणी तर गाडी उलट्या दिशेने फिरवून नेण्याची सोय करावी लागली होती. ती १९२९ पर्यंत चालू होती. सदतीसास एक म्हणजे दीड अंशाला किंचित अधिक. त्या दिवसापासून आमच्या घरात परिमाण ठरले. दीड अंशापर्यंत 'बोरघाट', चालेल. तीन अंशांपर्यंत 'दोन बोरघाट', उतरून सायकल हातात. त्यापुढे नाव काढायचे नाही.

आता वाटा. सूसच्या दिशेचा विचार फार करावा लागला नाही. त्या बाजूला सूसखिंड आहे. ज्या ठिकाणाच्या नावात खिंड आहे तिथे सायकलवाल्याने नाव वाचूनच परत फिरावे. आपल्या पूर्वजांनी पाट्या लावल्या नाहीत, पण नावे अशी ठेवली आहेत की पाटीची गरज पडू नये. बाणेरकडे जाणारा जोडरस्ता टेकडीच्या अंगावरून जातो. रुंद, नवा, गुळगुळीत, आणि वहीत सगळीकडे तीन, साडेतीन, चार. दक्षिणेला बावधन. सांगलीकडच्या माणसाला बावधन म्हटले की वाईजवळचे, रंगपंचमीच्या बगाडाचे बावधन आठवते; हे ते नव्हे. इकडून पुढे चांदणी चौक. आम्ही पुण्यात आलो त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर, तिथला जुना पूल सुरुंग लावून पाडला होता आणि १२ ऑगस्ट २०२३ रोजी नवे पूल खुले झाले. मोटारींचे फार सोयीचे झाले असे म्हणतात. त्या वेटोळ्यात सायकल घालण्याची कल्पनाही मी घरात बोलून दाखवली नाही.

नव्या रस्त्यांचे एक लक्षण माझ्या ध्यानात येत चालले होते. ते सरळ जातात. यंत्राने डोंगर कापता येतो आणि चढाचा भार पेट्रोलने उचलायचा असतो, मग वळसा कशाला? चढ किती, हा प्रश्न त्यांच्या आखणाऱ्याला पडतच नसावा. म्हणजे मला हवा होता तो रस्ता पेट्रोलच्या आधीचा असणार.

या शोधात मला मोठी मदत केली ती पावसाने. २०२३ साली श्रावण अधिक होता, त्यामुळे पाऊस, उपास आणि जावयांची वाणे या तिन्हींना भरपूर वाव होता. छत्री घेऊन मी बाहेर पडे. कोनमापकाने दिवसभरात मोजून होणार नाही इतके पावसाचे पाणी पाव तासात सांगते. जिथे रस्त्याच्या कडेने पाणी खळाळत, खडे ओढत धावते तिथे आपले काम नाही. जिथे ते नुसते सरकते, वाळके पान हळूहळू पुढे नेते, तिथे बोरघाटाच्या आत. आणि जिथे डबके साचते तो रस्ता उत्तम! एरवी ज्या डबक्यांबद्दल मी वर्तमानपत्राला पत्र लिहिले असते, ती पाहून मला आता भरून येऊ लागले. अशी डबकी वहीच्या नकाशावर मांडत गेलो, तेव्हा ती एका वाकड्यातिकड्या रेषेत पाषाण गावठाणाकडे चाललेली दिसली.

त्याच गावठाणात एका दुकानाच्या पत्र्याखाली पावसाला थांबलो असताना एक म्हातारे गृहस्थ भेटले. धोतर, टोपी, हातात काठी. मी वही उघडून काय करतो ते त्यांनी विचारले. सांगितले. ते हसले नाहीत. थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, ह्ये मापायला कशापायी लागतंय? भरल्या गाडीचा बैल जिथनं दम न खाता जायाचा, तिथनं तुमची सायकल जाईल. आमच्या वेळंला हितनं नदीच्या कडंकडंनं सोमेश्वरावरनं गाडी औंधाला जायाची. बैलाला कोण इचारतं म्हणा आता."

मी मराठीचा माणूस. 'गाडीवाट', 'पांदण', 'पायवाट' हे शब्द वर्गात कितीदा तरी समजावून दिलेले. पायवाट माणसाची, ती कुठूनही चढते. गाडीवाट बैलाची, आणि बैल पाण्याचे ऐकतो. ओढ्या-नदीने युगानुयुगे घासून जी सौम्य उतरण काढली, तिच्या काठाने गाडी गेली, गाडीच्या वाटेवर गावे बसली. राम नदी ही तशी लहानशी. भूगावच्या पलीकडच्या डोंगरांकडून येते, बावधनवरून पाषाणच्या तळ्यात शिरते, तळ्यातून निघून पाषाण गावाला खेटून सोमेश्वरवाडी, बाणेर करीत औंधाजवळ मुळेला मिळते. नकाशात तिच्याकडे मी नदी म्हणून पाहिले होते. ती आयती मोजून ठेवलेली सडक आहे, हे त्या आजोबांनी सांगितले.

पाऊस उघडल्यावर कोनमापक घेऊन ती वाट मोजली. कुठे अर्धा अंश, कुठे एक, एका मोरीपाशी पावणेदोन. वही टेबलावर ठेवली. संध्याकाळी पेन्सिलीचा शेरा होता : 'मोरीपाशी परत मोजा.' परत मोजला. दीड भरला.

ही वाट तुम्हांला दाखवतो. सूस रस्त्याच्या खालच्या अंगाच्या एका गल्लीतून सुरुवात. आधी नवी घरे, मग जुनी, मग मधेच कुणाचे तरी कोथिंबिरीचे वाफे. उजवीकडे इमारतींच्या फटींतून तळे डोकावते. तळ्याकाठी फिरायला सुरेख पायवाट आहे, पण तिथे चालणाऱ्यांची गर्दी असते आणि त्यांच्यात सायकल घुसवणे मला प्रशस्त वाटत नाही. त्यांची जागा त्यांना लखलाभ. तळ्याचे रूपही पूर्वीचे राहिलेले नाही, असे जुने लोक सांगतात. जलपर्णी पसरते, ती काढतात, पुन्हा पसरते. दूरदेशीचे पक्षी पूर्वी थव्यांनी उतरत, ते आता कमी झाले. तरी बगळे, पाणकावळे आणि तारेवर बसलेला एखादा खंड्या रोजच्या हजेरीत असतो.

पुढे गावठाण. रस्ता एकदम अरुंद होतो, आणि हेच त्याचे भाग्य, कारण मोटार इथे आपण होऊन नमते घेते. सकाळी सातच्या आत दुधाच्या किटल्या, देवळातली घंटा, ओट्यावर पालेभाजी मांडणाऱ्या बायका. पाषाण म्हटले की बाहेरच्यांना १९५० साली उघडलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि संरक्षण खात्याच्या लांबच लांब भिंती आठवतात. पण त्या भिंतींच्या आड एक चांगले नांदते गाव आहे, आणि तिथला माणूस सायकलवरून जाणाऱ्या बाईला वाट देतो. हॉर्न देत नाही. हा फरक ज्यांनी पुण्यात सायकल चालवली आहे त्यांना सांगायला नको.

मग नदी. इथे नाक जरा आवरावे लागते. नदी म्हणावी तर ओढा, ओढा म्हणावा तर गटार, अशी तिची आजची दशा आहे. वरच्या वस्त्यांचे सांडपाणी तिच्यात येते, ते पावसाचे दोन महिने झाकले जाते आणि दिवाळीनंतर उघडे पडते. ज्या पाण्याने मला वाट दाखवली त्याच्या काठी नाकाला रुमाल लावून जायचे, हे मला रोज खटकते. तिची सफाई करायला रविवारी काही मंडळी हातमोजे घालून उतरतात. त्यांना पाहिले, की मी सायकलवरून उतरतो. याहून जास्त काही करीत नाही, हेही सांगितले पाहिजे.

नदीच्या साथीने पुढे गेले की सोमेश्वरवाडी, आणि तिथे सोमेश्वराचे जुने दगडी देऊळ. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. इतर दिवशी सकाळी चार-दोन माणसे, दगडाचा गारवा आणि झाडांची सळसळ. दहा मिनिटे बसावे, परत फिरावे. जाऊन-येऊन सहा किलोमीटरांच्या आत, बसण्याचा वेळ धरून पाऊण तास.

राहिला प्रश्न घराच्या चढणीचा. तीनशे पावले, पाच अंश. सगळी वाट सपाट आणि शेवटचा घास खड्याचा. रोज सायकल हाताने ढकलत वर नेणे गुडघ्याला परवडणारे नव्हते. मी यावर बरीच डोकेफोड केली. उत्तर दिले कन्येने. ती म्हणाली, "बाबा, सायकल घरी आणायलाच कशाला हवी?" सूस रस्त्याच्या पलीकडे, गल्लीच्या तोंडाशीच एका इस्त्रीवाल्या काकांचे पत्र्याचे दुकान आहे. आमचे कपडे त्यांच्याकडेच जातात. दुकानामागे सायकल मावेल एवढी जागा, वर छप्पर, रात्री कुलूप. त्यांना विचारताच ते म्हणाले, "ठेवा की." त्यामुळे आणखी एक संकट आपोआप टळले. सकाळच्या वेळी सूस रस्ता सायकलने ओलांडायचा म्हणजे दिव्यच. आता सौ. हातात काठी घेऊन चढण सावकाश उतरते, रस्ता पायी ओलांडते आणि सायकल पलीकडे तिची वाट पाहत असते. येताना ती चढण वर यायला मात्र मी कधी कधी रिक्षा सुचवतो. ते सहसा मानले जात नाही. चढणीच्या मध्यावर एका घराचा कट्टा आहे, तिथे बसून दम घेऊन ती येते. डॉक्टरांना हे सांगितले आहे. त्यांनी कट्ट्याला मान्यता दिली.

त्या वर्षी दसऱ्याला, २४ ऑक्टोबरला, ताडपत्री निघाली. टायर-ट्यूब नव्या, ब्रेकचे गुटके नवे, साखळीला तेल, बैठक डॉक्टरी मापाने. मोटारीला झेंडूचा हार घातला तसा सायकलीलाही घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही दोघे निघालो. मी कन्येच्या सायकलवर, गुडघे कानाशी घेऊन. सौ. पहिली शंभर पावले थोडी डगमगली. मग गल्लीचे वळण आले तिथे तिने घंटी वाजवली. समोर कोणी नव्हते. सांगलीला ती प्रत्येक वळणावर अशीच वाजवी, हे मी विसरलो होतो.

देवळापाशी पोचल्यावर मी मोठ्या आशेने विचारले, "कसे आहे?" तिने नदीकडे पाहिले, देवळाकडे पाहिले आणि गणिताच्या बाईंना शोभेल अशा निःपक्षपाती स्वरात सांगितले, "हरिपूरची सर नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "पण बसायला बरे आहे."

पंधरा दिवस मी बरोबर जात होतो. मग दिवाळीची सुटी लागली आणि भाऊबिजेच्या आदल्या रात्री तिने मला सांगितले, "अहो, उद्यापासून तुम्ही नाही आलात तरी चालेल. तुमच्यासाठी मला सारखे थांबावे लागते." सायकल लहान, मी मोठा, तेव्हा या म्हणण्यात तथ्य होते.

आता ती एकटीच जाते. परतताना गावठाणातल्या ओट्यावरून कधी अंबाडी, कधी चाकवत घेऊन येते. भाजीवाल्या बाईंनी तिला कुठली कुठली नाती जोडून दिली आहेत; त्या माहितीचा साठा माझ्या आवाक्याबाहेर गेला आहे. वाटेतही तिने माझ्या नकळत बदल केला. मोरीच्या अलीकडे एक बोळ आहे, त्यातून गेले की दीड अंशाचा तो टप्पाही चुकतो. माझ्या वहीत तो बोळ नाही. इस्त्रीवाल्या काकांना जागेचे काही द्यावे म्हणून मी महिनाअखेर पाकीट घेऊन गेलो, तर त्यांनी हात मागे घेतला. "पैशाचं राहू द्या सर. बाईंचं आणि माझं ठरलंय." बुधवारी आणि शनिवारी देवळाहून आल्यावर अर्धा तास त्यांच्या नातवाचे गणित असते. पत्र्याखाली, इस्त्रीच्या टेबलाच्या एका टोकाला. सध्या अपूर्णांक चालू आहेत.